शेवटच्या डब्यापर्यंत

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या घरामागून मालगाडी जाते. ती आली की शेजारचे आजोबा बोलणं अर्ध्यावर सोडून कुंपणाशी उभे राहायचे. ते हो-चंक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. रुळांच्या देखभालीत त्यांचा जन्म गेला. जाणाऱ्या गाडीची चाकं शेवटच्या डब्यापर्यंत निरखायची आणि हात वर करून ‘सगळं ठीक’ असं चालकाला कळवायचं, ही त्या कामातली रीत. नव्वदी उलटली तरी त्यांची ती सुटली नव्हती.

एकदा ते सहज म्हणाले, “माझ्या पणजीला सैनिकांनी अशाच गाडीत कोंबून इथून हाकललं होतं. ती चालत परत आली.”

मला राहवलं नाही. “आणि तुम्ही रेल्वेचीच चाकरी केलीत?”

“गाडीत माणूस असतो ना,” ते म्हणाले.

हे उत्तर मला अजून पुरतं पचलेलं नाही.

काल त्यांना माती दिली. आज दुपारी गाडी आली, तेव्हा हातातलं भांडं तसंच टाकून मी कुंपणाशी गेले. चाकांतलं मला काय कळतंय! तरी शेवटचा डबा जाईपर्यंत उभी राहिले. हात मात्र वर होईना.