काकांच्या खाटेवरचं आभाळ

काकूंचा फोन आला तेव्हा रात्री मैत्रिणीकडे राहिलेली मी नवा रायपूरमध्ये घरी यायच्या बसची वाट पाहत उभी होते. सकाळी काकूंशी बोलायचं म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला, "काकांची रात्र कशी गेली?" त्या दिवशीही तोच विचारला. "चांगली गेली वं," काकू म्हणाल्या. "लय दिवसांनी झोपले. कण्हले बी नाही. मी चहा ठेवून आली अन् पाहतो तं... गेले." मी रस्त्याच्या कडेला खालीच बसले. रडू आलं, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. हायसं वाटलं. हे लिहावं की नाही, याचा गेले काही आठवडे विचार करते आहे. घरी पोचले तर दारात उभे असलेले लोक "सुटले बिचारे" म्हणत होते आणि त्यांच्या तोंडून तो शब्द मला अजिबात आवडला नाही. पण माझ्याही मनात तोच होता, तेव्हा लिहूनच टाकते.

मेश्राम काका आमचे घरमालक. मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेच्या वीज विभागातून निवृत्त झालेले. रायपूरच्या बुढापारा भागातल्या त्यांच्या घरात खाली मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो, वर काका-काकू आणि त्यांच्या डोक्यावर गच्ची. माझे बाबा उरल्याच्या कारखान्यांच्या भागात, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहेत. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा होता आणि मी इंटरनेटवर पाहिलं होतं की रात्रभर आभाळाकडे पाहत राहणारा कॅमेरा घरी बनवता येतो. त्याचं भिंग इतकं रुंद असतं की क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं अख्खं आभाळ एका गोल फोटोत मावतं. रात्रभर फोटो काढत राहायचे आणि सकाळी सगळे जोडून एक छोटी फिल्म करायची. गच्ची काकांची, म्हणून परवानगी मागायला गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आभाळाची चौकीदारी," ते म्हणाले. "आपण झोपाचं अन् यानं जागाचं." मग चष्मा काढून पुसत बसले. "म्या बी लय नाइट ड्यूट्या केल्या बाई. पण वर पाहाले कधी टाइम नाही भेटला. बनवू."

बनवताना सगळं एकदा चुकायचं आणि मग जमायचं. पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा संगणक, त्यावर कॅमेरा, ते सगळं प्लॅस्टिकच्या जाड पाइपात बसवलेलं. वरून झाकायला पारदर्शक घुमट हवा होता. काकांनी काकूंच्या सेटमधली काचेची वाटी पालथी घातली, तर काच जाड असल्यामुळे प्रत्येक दिव्याभोवती कडीच कडी दिसायला लागली. शेवटी सीसीटीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून एक जुना घुमट आणला. वाटी मात्र त्या भानगडीत फुटली. काकू अजून पाहुण्यांना सांगतात, "सहाचा सेट होता, एक वाटी आभाळाले वाढली." थंडीत घुमटावर दव साचून सगळं धुरकट दिसे, म्हणून काकांनी आत बारीक तारेची एक कडी बसवली, वीज सोडली की ती किंचित गरम राहायची. तिला ते कॅमेऱ्याची शाल म्हणत. रोज सकाळी घुमटावर काळ्या धुळीचा थर असायचा. माझ्या हातातलं काळं फडकं पाहून बाबा म्हणायचे, "आमी तिकडं धूर करतो, तुमी इकडं पुसा."

तारे फार दिसायचे नाहीत. घराजवळच्या तलावाकडच्या दिव्यांनी फोटोची एक बाजू कायम पिवळी असायची. तरी चंद्र, ग्रह, मृगाचे तारे असे काही ठसठशीत यायचे की काका सकाळचा चहा थंड करायचे. पहिल्या फोटोंत एक गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही खटकली. उत्तर वर ठेवली की पूर्व डावीकडे येत होती. शाळेच्या नकाशात ती उजवीकडे असते. "उलटं लागलं दिसते," काका म्हणाले, "पलटव." मी फोटो आरशात दिसतात तसे पलटवले आणि कित्येक दिवस आम्ही खुशीत होतो. मग एका पौर्णिमेला, दिवेलागणीच्या सुमारास, काकांनी गच्चीवर चटई टाकली. फोटोतली उत्तर डोक्याकडे यावी म्हणून उत्तरेला डोकं करून झोपले, मलाही बाजूला झोपायला लावलं आणि फोन तोंडासमोर धरला. खरा चंद्र आमच्या डाव्या हाताला उगवत होता. फोनमधला उजव्या हाताला.

"पोट्टे, आपला चांद पश्चिमेकडून काहून उगून राहिला?"

मी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा चंद्राकडे. मग मला हसूच फुटलं. नकाशा आपण वरून पाहतो, आभाळ खालून. पहिला फोटोच बरोबर होता, आम्हीच शहाणपणा केला होता. काकाही इतके हसले की काकू वर आल्या आणि आम्हाला पाहून जिन्यातच थांबल्या. "उठा आधी. मेल्यावानी उत्तरेला डोके करून काय पडले दोघं?" काका म्हणाले, "अवं, आपण बौद्ध लोक. तुह्या डोक्यातलं हे अजून गेलं नाही काय?" काकू म्हणाल्या, "गेलं नाही. उठा."

मग काकांची कंबर दुखायला लागली. आधी वाटलं वयानं असेल. कळलं तेव्हा कर्करोग मणक्यापर्यंत पोचला होता. पावसाळा संपता संपता त्यांचं जिना चढणं बंद झालं, दिवाळीनंतर खाटेवरून उठणंही. दिवस कसेतरी जायचे, रात्री जायच्या नाहीत. मी सकाळी घुमट पुसून खाली येताना त्यांच्या खोलीत डोकावायची आणि विचारायची, रात्र कशी गेली? ते म्हणायचे, "माही सोड. त्याची कशी गेली ते दाखव." मी त्यांच्याच फोनवर फिल्म लावून द्यायची. ते उताणे पडून फोन तोंडासमोर धरायचे. "रातभर जागाच होतो," एकदा म्हणाले, "पण मले छत दिसत होतं. आता समजते, त्याच्यावर काय चालू होतं."

त्यांची खाट कॅमेऱ्याच्या जवळजवळ खालीच होती आणि तिथूनच ती गोष्ट त्यांच्या मनात शिरली. छत काढून टाकलं तर जे दिसेल, अगदी तेच त्यांना पाहायचं होतं. पण त्यांचं डोकं दक्षिणेला, फोटोची उत्तर वर. चंद्र खिडकीकडून यायचा तो फोटोत दाराकडून यायचा. त्यांनी काकूंना खाट फिरवायला सांगितलं. काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी तिथेच होते.

"माझ्या घरात जित्या माणसाचं डोकं उत्तरेला होणार नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. महापरिनिर्वाणाच्या वेळी दोन शालवृक्षांमध्ये उजव्या कुशीवर झोपलेले तथागत. "त्यायचं डोकं कोणीकडे होतं वं?"

"ते जायला निघाले होते," काकू म्हणाल्या. "तुम्ही कुठं निघाले?"

काकांचं बोट खाली आलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठता येईना. तोवर मला ते भांडण खाटेचं वाटत होतं. काका निघालेलेच होते, हे त्यांना माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात एकच माणूस ते मानायला तयार नव्हतं, आणि काकांना त्या एका माणसाच्या होकाराशिवाय निघायचं नव्हतं, असं आता मला वाटतं. चुकतही असेन.

पुढे दोन-तीन दिवस त्या खोलीत कामापुरतंच बोलणं झालं. मग एका सकाळी काकू त्यांना पेज भरवत होत्या, मी फोन घेऊन उभी होते, आणि माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या, "माणूस फिरवाले निघाले दोघं. फोटो नाही फिरवता येत?"

मी काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे. इतक्या दिवसांत आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. "हव," काका म्हणाले, अगदी शेजारचा छत्तीसगढी दुकानदार हो म्हणतो तसं, आणि पेज सांडेपर्यंत हसले. मी सेटिंगमध्ये जाऊन फोटो अर्धा फेर फिरवला. दक्षिण वर, त्यांच्या डोक्याकडे. उत्तरेचा "उ" खाली, पायांकडे. त्या दिवसापासून चंद्र खिडकीकडूनच यायला लागला. काकूही मग खाटेच्या कडेला बसून फिल्म पाहायच्या. विचारायच्या, "हा कोणता?" काका सांगायचे. कधी चुकीचंही सांगायचे. मी दुरुस्त करायची नाही. एकदा दारातून ऐकलं, काकू हळूच म्हणत होत्या, "लय तरास होऊन राहिला तं नका थांबू माझ्यासाठी." काका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मी पाय न वाजवता खाली आले. त्यानंतरच्या रात्रीही अवघडच गेल्या, पण भांडण संपलं होतं. म्हणूनच कदाचित, बस स्टॉपवर मला आधी हायसं वाटलं आणि मग रडू आलं.

मी पोचले तेव्हा त्यांना खोलीच्या मध्यभागी सतरंजीवर ठेवलं होतं. मुलगी-जावई भिलाईहून आले होते, त्रिशरण-पंचशील सुरू व्हायचं होतं. कुणीतरी दिशा विचारली. काकूंनी स्वतः हातानं दाखवली आणि काकांचं डोकं उत्तरेला केलं गेलं. मी भिंतीशी उभी होते. काकूंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, गळ्यात पडून रडतील. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता फोटो सरळ कर."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तो सरळ केला. उत्तर वर.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, मुलगी परत गेली. काकूंना एकटं वाटू नये म्हणून मी वर झोपायला यायचं म्हटलं, तर म्हणाल्या, "काही नको. मी त्यायच्या खाटेवर झोपून राहिली." घुमट मी रोज पुसत होते, पण फिल्म कुणाला दाखवायची, म्हणून दाखवत नव्हते. मागच्या आठवड्यात घुमट पुसून खाली येत होते तर काकूंनी हाक मारली. खाटेवर पडूनच होत्या. काकांचा फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरलेला.

"काय वं, हे उलटं काहून दिसून राहिलं? चांद दाराकडून येते."

"तुम्हीच म्हणाल्या होत्या ना काकू, सरळ कर म्हणून."

"ते त्यायच्यासाठी होतं," काकू म्हणाल्या. "माझं डोकं तं अजून दक्षिणेलेच आहे ना."

मी त्यांच्या उशाशी बसले आणि फोटो पुन्हा फिरवला.