झाकणाखालची वर्तुळं

ईशा, निनाद, तुमच्या आत्याआजीला जाऊन महिना झाला. परवा फोनवर तुमच्या बाबांनी सुचवलं, की किल्लारीच्या शेतातल्या तिच्या मधमाश्यांच्या पेट्या कुणाला तरी देऊन टाकाव्यात आणि जुना मायक्रोस्कोप भंगारात काढावा. मी नाही म्हणाले. का, ते तुम्ही माझ्याकडून ऐकावं, म्हणून आज लिहायला बसले.

वत्सलाताई माझी नणंद. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, ती लातूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा मदतनीस. दुसऱ्यांसाठी काचपट्ट्या तयार करण्यात तिची नोकरी संपली. मग तिने शेतात सात पेट्या मांडल्या. एका हिवाळ्यात, करडई फुलात असताना, पेट्यांपुढे माश्या सरपटू लागल्या. उडता येईना, आणि लाकडावर पिवळट विष्ठेचे डाग. गावाने ठरवूनच टाकलं, की शेजारच्या मारोतीच्या फवारणीने मेल्या. त्याला पंचायतीपुढे उभा करायचा. तो रडकुंडीला येऊन ताईकडे आला. "ताई, आवंदा मी पंपाला हात बी लावला न्हाई."

"मला नगं सांगू. माशीचं पोट सांगंल."

तपासायला आलेल्या शेतकी खात्याच्या साहेबांनी पेटी उघडून मधल्या पोळ्यावरच्या माश्या घेतल्या, पाहिल्या आणि म्हणाले, आतड्यात काही नाही, फवारणीच असणार. ताई अडून बसली. "साहेब, ह्या कालच्या पोरी हायेत. आजार म्हाताऱ्यांच्या पोटात घावतो. दारातल्या घ्या."

"म्हातारीला म्हाताऱ्याच दिसणार!" साहेब हसले.

"दिसतात न्हवं? मग बसा. तुमालाबी दावते."

तिने पेटीचं दार चिंधीने बुजवलं आणि रानातून परतणाऱ्या माश्या तिथे गोळा होऊ दिल्या. त्यांतल्या काही धरून मारल्या. माझा भुवया कोरायचा चिमटा मागून घेतला... तो ती असेपर्यंत मला परत मिळाला नाही. माशीच्या पोटाचं टोक धरून ओढलं, की आतडं अख्खं बाहेर येतं. निरोगी असलं तर तपकिरी. हे फुगलेलं, दुधासारखं पांढरं. पोटं पाण्यात कुटून त्याचा एक थेंब तिने काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला. मीही पाहिलं. तांदळाच्या कणीसारखे लांबट, चकचकीत दाणे, सगळीकडे. हा नोसेमा, आतड्यात वाढणारा परजीवी. साहेबांनी डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

मारोती सुटला. रोग ताईच्याच पेट्यांत निघाला, म्हणून गाव आता तिला नावं ठेवू लागलं. तिने सगळ्यांदेखत पोळी जाळली, पेट्या आतून आगीने शेकल्या आणि दर पंधरवड्याला दारातल्या माश्या तपासू लागली. पेटी साफ निघाली तर झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने रिकामं वर्तुळ, दाणे दिसले तर भरलेलं. मी तिला समास आखलेली वही नेऊन दिली. म्हणाली, "वहिनी, वही घरात ऱ्हाती. आजारी पेटी हाय." वही तशीच कोरी राहिली.

"आता या वयात तुला कशाला हे?" असं तुमचे बाबा विचारतात. मागच्या आठवड्यात मी स्वतः दाराशी चिंधी लावली. सहा पेट्या साफ निघाल्या. तिसरीत दाणे दिसले. त्या पेटीतली जुनी पोळी मी मारोतीकडून काढून घेतली आणि जाळली. मग तिच्या झाकणाखाली, ताईच्या शेवटच्या रिकाम्या वर्तुळाशेजारी, एक भरलेलं काढलं. जरा वाकडं आलं.

मायक्रोस्कोप माझ्या टेबलावर आहे. चिमटा त्याच्या खोक्यात सापडला, तिथेच ठेवलाय. सातही पेट्यांत माश्या आहेत.