भोयांची अर्धी पावली

नाशिकच्या तालमीच्या हॉलमध्ये जेवणाची सुट्टी आहे. दाराला आतून कडी घालून सुगंधा भोये सतरंजीवर पडली आहे. झोपेवरही तिचा भरवसा नाही. एक पापणी पहाऱ्याला ठेवूनच ती डोळे मिटते.

दुधानं पोळलेली बाई, ताकही फुंकूनच पिणार. उद्या तिच्या नृत्यनाट्याचा प्रयोग आहे, मोखाड्याकडच्या तिच्या गावातल्या बोहाड्यावरचा. बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा नाच. त्यातली त्राटिका सुगंधा स्वतः नाचणार. त्राटिका बाई खरी, पण आजवर तिला नाचवणारे सगळे बाप्येच. भोयांच्या घरात रीत अशी, की आधीच्यानं आपल्या हातानं मुखवट्याखालचं फडकं डोक्याला बांधलं, तरच पुढच्याचा हक्क. तिचा बाप लहानू कुणालाही फडकं न बांधताच गेला. त्याचा भाऊ जानूकाका म्हणतो, हक्क माझा. उद्या गाव घेऊन येतो आणि खेळ बंद पाडतो.

हॉलच्या आरशात एक खिडकी उघडते. हे आता जातपडताळणीचं कार्यालय आहे. बाकांवर घुंगरू बांधलेली माणसं नंबराची वाट बघताहेत. खिडकीपलीकडे लहानू बसला आहे, चार वर्षांपूर्वी गेला तेव्हाच्याच बंडीत.

"पुरावा दे," तो म्हणतो. "कोनाची तू?"

"आधी तुम्ही द्या." काका काय, कुणालाही बापाचं सोंग देऊन पाठवेल. "नाचून दाखवा."

तो उठतो. पायाखाली गावच्या देवळापुढचं सारवलेलं अंगण आहे, खुर्ची मात्र कार्यालयाचीच. तो नाचतो. एक, दोन, तीन, चार. कुठंच थांबत नाही.

"तुम्ही माझा बा नाही. माझा बा तिसऱ्या पावलाला अर्धा थांबायचा. भोयांची खूण आहे ती. प्रयोगाच्या पत्रिकेत छापलंय मी, हीच आमच्या समाजाची ओळख म्हणून."

लहानू हसतो. "येडी गं. मुखवटा माझ्या आज्याच्या तोंडाचा, माझा तोंड लहान. तिसऱ्या पावलाला घसरायचा, डोळं झाकायचं. मंग थांबून वर ढकलायचो. आता मुखवटा नाय, तं कशाला थांबू?"

सुगंधाला लाज वाटते, आणि रागही येतो. बारा पोरींना तीन महिने ती हे घसरणं शिकवते आहे.

"म्हणजे आमची ओळख खोटी?"

"खोटी कशी? संबळवाला माझ्यासाठी थांबायचा. मंग त्याचा पोरगाही थांबाय लागला. आता अख्खा गाव थांबतो. माझा काय राहिला त्यात?"

बोलणं बापासारखंच आहे. पण हवं तेच ऐकू आलं, म्हणून तिला पुन्हा शंका येते.

"काकानं पाठवलं ना तुम्हाला?"

"जित्तेपनी ऐकला नाय त्याचा, आता मेल्यावर ऐकू?" तो फडकं झटकतो. "फिर. पाठ कर माझ्याकडं."

पाठ केली की बांधणारा दिसत नाही. मागे काका असला तरी कळणार नाही. तिला हक्क हवा आहे. पण त्याहून जास्त बाप हवा आहे. हे तिला आत्ता कळतं.

"बांध, बा," ती म्हणते आणि फिरते.

कपाळावर फडकं आवळलं जातं. तंबाखूचा वास येतो.

जाग येते तेव्हा हॉल रिकामा आहे. सुगंधा आधी कडी बघते, मग खिडक्या, मग पडद्यामागे. कडी आतूनच लागलेली आहे. मग तिचा हात डोक्यामागे जातो. तिथं फडक्याची गाठ आहे. इतकी घट्ट, की तिला एकटीला बांधताच आली नसती.

लहानूच्या हाताची गाठ ओळखणारा माणूस आता जगात एकच उरला आहे. सुगंधा त्याला फोन लावते.

"काका, उद्या नको, आजच ये," ती म्हणते. "तू बघेपर्यंत मी ही गाठ सोडत नाही."