मशीनने टाकलेलं पाणी

गाळाच्या खडकांतून युरेनियम कसं फिरतं, हा माझा पोटापाण्याचा विषय. ओळख करून देताना हे सांगितलं की लोक जरा मागे सरकतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ते थोडंथोडं सगळीकडे असतंच. त्याच्याच जातीचं किरणोत्सारी थोरियम आळशी, बहुतेक बसल्या जागीच राहतं. युरेनियमला मात्र हवा मिसळलेलं, क्षारांचं पाणी मिळालं की ते विरघळून चालू लागतं. वाटेत कुजक्या पाल्याची काळी चिकणमाती लागली, हवा संपली, की तिथेच मुक्काम ठोकतं, हजारो वर्षं.

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीने बोअर आणखी खोल करायचं ठरवलं, तेव्हा मीटिंगमध्ये मी हेच सांगितलं. उपसा वाढून पाण्याची पातळी उतरली की त्या काळ्या मातीत हवा शिरते आणि बसलेलं युरेनियम पुन्हा उठतं.

"भाईसाहब, ये सब बोलोगे तो फ्लैट कौन खरीदेगा?" अध्यक्ष म्हणाले आणि चहा आला.

मी पाणी तपासून घेतलं. युरेनियम नको तेवढं निघालं. मग घरात पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन बसवलं.

त्यानंतर आई बीडहून कायमची आमच्याकडे राहायला आली. तिचं निम्मं आयुष्य टँकरची वाट पाहण्यात गेलेलं. आरओच्या एका नळीतून प्यायचं पाणी येतं, दुसरीतून उरलेलं सिंकमध्ये वाहून जातं. ते पाहून तिचा जीव वरखाली व्हायचा.

"एवढं नितळ पाणी नालीत सोडता, लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?"

फरशी पुसायला घे, म्हटलं. तिने बादली लावली. आम्ही नवराबायको ऑफिसला गेलो की ती त्याच पाण्यात स्वतःपुरती डाळ शिजवायची आणि तेच प्यायची. मशीनचं चांगलं पाणी आमच्यासाठी राखून ठेवायची. मशीनने अडवलेलं सगळं त्या बादलीत होतं, आणखी दाट होऊन.

हे मला कळलं तिचे पाय सुजल्यावर, डॉक्टरांसमोर. कौनसा पानी पीती हो माताजी, त्यांनी विचारलं. आई ताठ बसून म्हणाली, "मशीन जो फेंकता है ना, वो. मैं वाया नहीं जाने देती."

तपासण्यांत तिची मूत्रपिंडं निकामी होत आलेली निघाली. युरेनियम मूत्रपिंडांवर घाव घालतं, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. डॉक्टर म्हणाले, बीपी जुनं आहे, नेमकं कशाने झालं ते सांगता येणार नाही. त्यांचं बरोबर आहे, आणि त्याचाच मला भयंकर संताप येतो. चिकणमातीच्या थरात युरेनियम कुठे बसलंय ते मी दाखवून देईन. आईच्या बाबतीत मला काहीच सिद्ध करता येत नाही.

आता डायलिसिस चालू आहे. परवा तिने तिथल्या टेक्निशियनला विचारलं, या नळ्या कुठे जातात? त्याने हौसेने सगळं सांगितलं: एका वेळेला ड्रम भरून शुद्ध पाणी लागतं, आणि ते शुद्ध करताना वर आणखी कितीतरी वाहून जातं. घरी आल्यावर ती मला म्हणाली,

"एका म्हातारीपायी एवढं पाणी सांडायचं? मी आता येणार नाही."

मी ओरडलो. विनवण्या केल्या. पाया पडलो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

उद्या सकाळी पुन्हा जायचं आहे. नाही उठली तर मी तिला उचलून नेईन. मग ती जन्मभर माझ्याशी बोलली नाही तरी चालेल.