उजवीकडची खूण

त्यांचे खरे नाव पाकिटावर लिहिण्यापुरते उरले होते. एरवी सारे त्यांना कानसेन म्हणत. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत एकतीस वर्षे काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी उंची घरगुती स्पीकर पारखण्याचे व्रत घेतले. व्रतच म्हणायचे, कारण त्यात मिळकतीपेक्षा नियम अधिक. परीक्षेच्या दिवशी अत्तर नाही, तिखट नाही, सकाळपासून मोठ्याने बोलणे नाही. स्पीकर किती गरजतो याला त्यांच्या लेखी कवडीचे मोल नव्हते. गायिकेने ओळ उचलण्यापूर्वी घेतलेला श्वास ऐकू येतो का, छेडलेल्या तारेचा नाद कुठे विरतो ते कळते का, आणि मुख्य म्हणजे डोळे मिटताच दोन्ही पेट्या लोप पावून त्यांच्या मधोमध जिवंत माणूस उभे राहते का, एवढेच ते पाहत. उभे राहिले तर पेटी मोलाची; नाही तर उत्तम शिसवीची असली तरी सरपण.

हा मधोमधचा साक्षात्कार एकाच जागी बसून घडतो. म्हणून त्यांच्या खोलीत खुर्ची एकच होती. पूर्वी तिच्यावर त्यांच्याआधी त्यांची धाकटी बहीण बसून ऐके. दोघांनीही लग्न केले नव्हते. "दादा, तुझी बाई आज तिरकी उभी आहे रे," असे ती भाजी निवडता निवडता सांगे, आणि ते निमूटपणे पेटी बोटभर सरकवीत. तिला जाऊन सात वर्षे झाली. त्यानंतर त्या खुर्चीवर दुसरे कुणी बसले नव्हते. बसणार तरी कोण? दूधवाला दारातूनच वळे, आणि स्पीकर विकणारा दुकानदार त्यांना आपल्या दुकानात बोलावून घेई. त्यांच्या शब्दावर तिथे किमती ठरत.

अलीकडे मात्र कानसेनांचे निकाल कडू होऊ लागले होते. वर्षभरात त्यांनी नऊ जोड्या नाकारल्या. "हल्ली कुणाला दोन पेट्या सारख्या करता येत नाहीत. उजवी नेहमी मंद," असे ते म्हणत. मग घरी येऊन स्वतःची जोडी लावत. तिथे गायिका बरोबर मधोमध उभी असे, आणि त्यांची खात्री पटे.

नववी जोडी एका सुताराने घडवली होती. तीन वर्षे कपाटे, पलंग करता करता उरलेल्या वेळात त्याने ती जोडी तयार केली होती. ती दुकानात लागली तर पुढे हेच काम करायचे, असे त्याने बायकोला सांगून ठेवले होते. नकाराचा निरोप मिळाल्यावर त्याने उजवी पेटी उघडून सांधा न् सांधा तपासला. काही सापडेना. तेव्हा एका दुपारी जोडी टेम्पोत घालून तो थेट कानसेनांच्या दारात उभा राहिला.

"काका, दुकानाच्या भिंती वाकड्या असतील. एकदा तुमच्या खोलीत ऐका. मग म्हणाल तर मी हिची शेल्फं करतो."

कानसेनांना हसू आले. स्वतःची जोडी बाजूला सारून जमिनीवरच्या दोन चिकटपट्ट्यांच्या खुणांवर त्यांनी या पेट्या नेमक्या ठेवल्या, खुर्चीत बसून डोळे मिटले. ध्वनिमुद्रिका अर्धी झाली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, आता जमली की! काय दुरुस्त केलंस?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"आहे तशीच आणलीय, काका. हात नाही लावला."

खोलीत गायिका एकटीच गात राहिली. सुताराने संकोचत विचारले, "मी जरा बसू?"

नाही कसे म्हणणार? कानसेन उठले. सुतार खुर्चीच्या काठावर बसला, दोन ओळी ऐकल्या, मान हलवली. "मधे कुठंय? ही तर उजव्या पेटीला चिकटून गातेय." त्याने खिशातून मापपट्टी काढली. खुर्चीपासून डावी पेटी आठ फूट भरली, उजवी साडेसहा.

"खोलीला तसं लागतं," कानसेन म्हणाले. "पडदे बदलले, कपाट हललं. दर वेळी थोडी जवळ घ्यावी लागते."

सुतार वाकून जमिनीकडे पाहत होता. उजव्या खुणेमागे काढून टाकलेल्या पट्ट्यांच्या डिंकाच्या रेषा एकामागे एक दिसत होत्या. "सात," तो हळूच म्हणाला, "आणि डावीकडे एकपण नाही."

सात. बहीण गेल्यालाही तितकीच वर्षे झाली होती; कानसेनांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. खात्री कशी करायची तेही त्यांनाच ठाऊक होते. त्यांनी दोन्ही पेट्या सारख्या अंतरावर ठेववल्या, खुर्ची उलटी फिरवली आणि आयुष्यात प्रथमच स्पीकरांकडे पाठ करून ते बसले. दुकानात मंद वाटलेली उजवी पेटी आता डाव्या कानाशी स्वच्छ गात होती. मंद झाली होती ती डावी.

मग फोन उचलून त्यांनी दुकानदाराला सांगितले, "सुताराची जोडी निर्दोष आहे. दर्शनी भागात ठेवा. बाकीच्या आठही पुन्हा मागवा, दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा."

"का हो, काय झालं?"

"दोष माझ्या उजव्या कानात आहे."

"अहो, मग आम्ही यापुढे विचारायचं कुणाला?"

त्यांनी फोन हलकेच ठेवला.

सुताराला आनंद मानावा की नाही ते उमगेना. "काका, मी अधूनमधून येऊन बसत जाईन," तो म्हणाला.

"तुला आता वेळ कुठला मिळायला? कामाला लाग."

जाण्यापूर्वी त्याने कानसेनांची स्वतःची जोडी मापाने लावून दिली, स्वतः बसून पडताळली. "आता बरोबर मधोमध," म्हणाला, आणि टेम्पो निघून गेला.

कानसेन खुर्चीत बसले. त्यांच्यापुरती गायिका पार डावीकडे, जणू निघायच्या घाईत उभी होती. हात दोनदा खुर्ची सरकवायला गेला. दोन्ही वेळा त्यांनी तो मांडीवर परत आणला. ध्वनिमुद्रिका संपेपर्यंत, त्या आवाजाकडे मान न वळवता, ते सरळ समोर पाहत बसून राहिले.