उजवा हात बांधून बसलेला सुतार

अर्धांगवायूने आत्याची उजवी बाजू गेली, तेव्हा तिला अलिबागला माझ्या घरी आणायला मी आगरदांड्याला गेलो. डॉक्टरांनी ऐटदार अक्षरात पूर्ण विश्रांती लिहून दिली होती. आत्याला मात्र स्वतःच्याच चुलीपाशी राहायचे होते, आणि तिने होड्या बांधणाऱ्या एका सुताराला बोलावले होते. त्याचे नाव विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

त्याने आधी हत्यारांना हातच लावला नाही. पंच्याने आपला उजवा हात कमरेशी बांधला आणि परातीपुढे बसून डाव्या हाताने भाकरी थापू लागला. परात गरगर फिरली.

"मेल्या, हे काय सोंग?" आत्या म्हणाली.

"हात न्हाय गो काकी, परात नडते."

मग त्याने सारवलेल्या जमिनीत चार खुंट्या ठोकून परात त्यांच्यात घट्ट बसवली. आत्याने एका हाताने भाकरी थापली. ती एका कडेला जाड झाली, पण भाकरीच होती. मी तिचे अलिबागसाठी बांधलेले गाठोडे सोडले.

पहिली भाकरी सुताराला मिळाली. ती तो डाव्या हाताने मोडत बसला.

"आता तरी हात सोडा," मी म्हणालो.

"थापायचं बगितलं," तो म्हणाला, "खायचं ऱ्हायलंय."