आत्याच्या तोंडाचा वास

धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं आठवड्यावर आलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. म्हणून मी पिरंगुटजवळच्या भरे गावी, माहेरी येऊन नव्या साडीला फॉल लावत बसले होते. भावजय जवळ आली. ती लातूरकडची, हिंजवडीत नोकरी करणारी, बोलायला मऊ.

"ताई, रागावू नका. तुमच्या तोंडाला वास येतो. बारशाच्या आत डॉक्टरांना दाखवाल का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कालची पोर मला शिकवणार! तरातरा स्वयंपाकघरात गेले. "आई, सुनेचं ऐकलंस का? माझ्या तोंडाला म्हणं वास येतुया."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. "येतुया की गं. लई दिस झालं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"पोटच्या लेकीला कसं सांगू?"

माझा राग तिथंच गळाला. जावा माझ्याशी बोलताना पदर नाकाला का लावायच्या, नवरा कूस बदलून का झोपायचा, सगळं एकदम कळलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, इतकी लाज वाटली.

आणि मी तर उपाय करत होते! हिरड्यांतून रक्त यायला लागलं तसा ब्रश सोडला. हिरड्या घट्ट होतात म्हणून भाजलेल्या तंबाखूची मिश्री बोटानं घासू लागले. वासाचं खापर पोटातल्या उष्णतेवर फोडून सब्जा पीत राहिले. दुसऱ्याच दिवशी पिरंगुटला गेले, तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरशात दाखवलं. हिरडी दातापासून सुटली होती आणि त्या फटीत कीट साचलं होतं.

"जंतू इथं आहेत, वास इथूनच येतोय. रक्त येतं म्हणून घासणं सोडायचं नसतं."

त्यांनी मास्क लावला होता, तरी उत्तर देताना मी तोंडावर हात धरला. त्यांनी दात साफ केले, मिश्री बंद करायला लावली. वास मात्र लगेच जाणार नाही म्हणाल्या.

बारशाला बायकांनी मला पाळण्यावर वाकवलं आणि रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले. मी श्वास कोंडून धरला होता.

"सांग की गं!"

भावजयीनं आपल्या हातानं बाळाचं टोपडं कानावरून सारलं. मी घाईघाईनं नाव सांगितलं. आवाज ऐकून पोरीनं तोंड माझ्याकडे वळवलं. तिचं इवलंसं नाक माझ्या ओठांशी आलं, आणि तिथल्या कुणी काही म्हणायच्या आधी मीच मागं सरले.